वकीलसाहेबांची उलटतपासणी

लॅपटॉप घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात आधी पोळपाट ठेवणारा सेल्समन मी आयुष्यात एकच पाहिला.

हिंदमाताला एका साडीच्या दुकानाच्या वर, पहिल्या माळ्यावर आमचं दुकान होतं. खाली पावसाळ्यात पाणी शिरतं, म्हणून कॉम्प्युटरचा माल वर, असं मालकांच्या वडिलांनी कधीकाळी ठरवलेलं. त्यामुळे आमचं निम्मं गिऱ्हाईक म्हणजे खाली बायको साड्या उलगडून बघत असताना कंटाळून जिना चढून वर आलेले नवरे. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते. लालबागहून चालत जाता येईल अशी नोकरी हवी होती, ती मिळाली. काउंटरवर माझ्या शेजारची खुर्ची या पोळपाटवाल्यांची होती.

साठीच्या आसपासचे, उंच, किंचित वाकलेले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, नेहमी फिकट निळा किंवा फिकट करडा. रोज सकाळी आल्या आल्या जुन्या वॉयलच्या साडीच्या तुकड्याने डेमोचे सगळे स्क्रीन पुसायचे. "खाली साड्या विकतात, वर साडीचाच उपयोग होतो," हा विनोद ते वर्षानुवर्षं करत आले असावेत, कारण मालक तेवढ्यापुरते नेहमी फोनमध्ये तोंड घालायचे. तोंडावर आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पाठीमागे वकीलसाहेब. कारण गिऱ्हाइकाने एक प्रश्न विचारला की ते उत्तर म्हणून दुसरा प्रश्न विचारायचे, आणि सुरुवात ठरलेली: "आधी सांगा..."

फिरणाऱ्या लॅपटॉपला तेव्हा भयंकर मागणी होती. स्क्रीनला बोट लावलं की चालतो, आणि तोच स्क्रीन पार मागे वळवला की अख्खा लॅपटॉप टॅब्लेटसारखा हातात धरता येतो, तो. लोक यायचे, एकदा उघडून गरकन फिरवायचे आणि खूश व्हायचे. मग प्रश्न सुरू. आणि प्रश्न सगळ्यांचे तेच असायचे, मग माणूस परळचा असो नाहीतर गिरगावचा.

"एवढा मागे वळतो, तुटणार नाही ना?"

"आधी सांगा, तुमच्या घरी छत्री किती टिकते?"

माणूस गोंधळायचा. बायको बरोबर असली तर ती हसायची. "यांची? एक पावसाळासुद्धा नाही."

"मग साधा घ्या. बिजागरीत दम आहे, पण ती वापरणारा हात तुमचा आहे."

"पेन बरोबर येतं का?" असं कुणी विचारलं की, "चष्मा कितीदा शोधता?" रोज शोधणाऱ्याला ते ज्याचं पेन लॅपटॉपच्याच अंगात खोचून बसतं तो दाखवायचे, आणि तो शिल्लक नसेल तर सरळ पुढच्या महिन्यात यायला सांगायचे. "रॅम आत्ता कमी घेतो, नंतर वाढवतो," असं कुणी म्हणालं की मान हलवायचे. "ते लग्नात चालतं हो, आत्ता जमवून घ्या, पुढचं पुढे बघू. यात नाही चालत. आतल्या बोर्डावर चिकटवलेली असते ती." उन्हात दिसेल का, असं विचारणाऱ्याला डेमोचा पीस घेऊन खिडकीशी उभं करायचे. चकचकीत काचेत त्या माणसाला स्वतःचंच तोंड दिसायचं. "हे बघायची तयारी असेल तर गॅलरीत बसून वापरा."

एका प्रश्नाला मात्र ते सरळ उत्तर द्यायचे. स्क्रीन मागे वळवला की कीबोर्ड पाठीला जातो, मग धरताना बटणं दाबली जाणार नाहीत का? "नाही. मागे वळला की बटणं आपोआप बंद होतात. तेवढा शहाणा आहे तो."

आणि पोळपाट. "टॅब्लेटसारखा हातात धरून वाचता येईल ना?" या प्रश्नासाठी तो काउंटरखाली ठेवलेला असायचा. कड उडालेला, एक पाय थोडा तुटका, पण वजनाला बरोबर त्या लॅपटॉपएवढा. ते खालून काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि स्टूल पुढे करायचे. "बसा. धरून बसा. पेपर वाचतोय असं समजा." बिचारा माणूस पोळपाट धरून बसायचा. जिन्यावरून वर येणारी दुसरी गिऱ्हाइकं थबकायची. काका शांतपणे दुसरं काहीतरी करत राहायचे. थोड्या वेळाने पोळपाट हळूहळू खाली यायला लागायचा आणि शेवटी मांडीवर टेकायचा.

"आला ना मांडीवर? म्हणजे तुम्हाला मांडीवरचाच पाहिजे. टॅब्लेटचं सोडा."

मालक वैतागायचे. "काका, तुम्ही माल विकायला बसलाय की परत पाठवायला?"

"परत येऊ नये म्हणून बसलोय," काका म्हणायचे. "माल."

त्यात खोटं काही नव्हतं. काकांनी विकलेला पीस तक्रार घेऊन जिना चढून सहसा आला नाही. मालक हे जाणून होते. म्हणून नुसते वैतागायचे, पुढे काही करायचे नाहीत.

ते कुणाला काही विकतच नसत असं नव्हे. गिरगावची एक मुलगी आली होती, आर्किटेक्चरला शिकणारी. तिला त्यांनी एकच विचारलं, "आधी सांग, हात टेकून काढतेस की उचलून?" ती म्हणाली, टेकून. त्यांनी तिला डेमोचा पीस सपाट करून दिला, पेन दिलं, आणि म्हणाले, "टेक हात. रेघ फक्त पेनाची उमटते का बघ." तिने तळहात ऐसपैस टेकवून त्यांचंच चित्र काढलं. भुवया चढलेल्या, एक बोट वर, आणि समोर एक घाबरलेला माणूस पोळपाट धरून. काकांनी ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "घे हा. तुझ्यासाठीच बनवलाय." ते चित्र कितीतरी दिवस डेमोच्या स्क्रीनवर मागे लावलेलं होतं. मालकांनी काढायला सांगितलं तेव्हा काकांना चक्क वाईट वाटलं.

घरी मी रोज त्यांच्या गोष्टी सांगायचे. माझी आई मालवणची. मी दार उघडून आत आले की चहा टाकता टाकता विचारायची, "गो, तुझो वकील आज काय म्हणालो?"

स्वतः काका मात्र वरच्या कोर्टाला, म्हणजे काकूंना, भिऊन असायचे. हे नावही आमचंच. माझगावला त्यांचं घर. घरी ते आणि काकू दोघंच. काकू प्राथमिक शाळेत बाई होत्या, रिटायर झालेल्या. जगात जे काही घडेल त्यावर काकूंचं एक मत असे आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीन पुसता पुसता काका आम्हाला कळवत. रस्ता पुन्हा खणला, "आमच्याकडचं मत असं पडलं की आता सरळ पिशवीसारखी चेन लावावी रस्त्याला." मालकांनी दुकानावर नवी लाल-पिवळी पाटी लावली, "आमच्याकडे म्हणाले, लांबून वडापावचं दुकान वाटतं." पाटी बदलली गेली. माझ्या लग्नाचं एक स्थळ आलं होतं, मी सहज बोलले, तर दुसऱ्या दिवशी त्यावरही निकाल हजर. "मुलगा आईला विचारून सांगतो म्हणाला ना? आमच्याकडचं मत, त्याला आईकडेच राहू दे." मी काकूंना पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचा धाक मलाही वाटायला लागला होता.

"काकू घरी एवढ्या बोलतात, मग तुम्ही काय करता?" मी एकदा विचारलं.

"ऐकतो. ती आतून बोलते, मी बाहेरच्या खोलीतून ऐकतो. माझं बोलणं दुकानात होतं की."

मग एका आठवड्यात वरच्या कोर्टाचे निकाल यायचे बंद झाले. सकाळी काका स्क्रीन पुसायचे आणि गप्प बसायचे. मीच विचारलं, "काय काका, आमच्याकडचं मत काय म्हणतंय?" तर म्हणाले, "काही नाही." मला वाटलं, भांडले असतील. मधे दोन दिवस रजाही घेतली. परत आले तेव्हा गिऱ्हाइकाने बिजागरीचं विचारलं तर छत्रीचं विचारायला विसरले. नुसतं "नाही तुटत" म्हणाले. मी आणि मालक एकमेकांकडे बघत राहिलो.

एके दुपारी दुकानात कुणी नव्हतं. काका उठले, काउंटरला वळसा घालून पलीकडे गेले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. डेमोचा फिरणारा लॅपटॉप पुढे ओढला. उघडला, मिटला, उघडला.

"हा एवढा मागे वळतो," ते म्हणाले, "तुटणार नाही ना?"

मी हसले. मला वाटलं, गंमत करतायत. मी त्यांच्याच आवाजात म्हणाले, "आधी सांगा, छत्री किती टिकते?"

ते हसले नाहीत. "आणि पेन? हातातून पडलं तर मोडतं का गं? काचेचा डोळ्यांना त्रास होतो का? पडून वापरला तर गरम होतो? बॅटरी दिवसभर पुरेल? मधेच बंद पडला तर?"

रोज ज्या प्रश्नांची ते उलटतपासणी घ्यायचे तेच प्रश्न एकापाठोपाठ एक विचारत होते, आणि त्यातल्या प्रत्येकाचं उत्तर त्यांना माहीत होतं. हात मात्र स्क्रीनच्या कडेवरून फिरत होता. मी हसायची थांबले.

"काका, कोणासाठी घ्यायचाय?"

त्यांनी स्क्रीन मिटला. मग सांगितलं. काकूंचा आवाज दोन-तीन महिने बसलेला होता. आधी सर्दी समजले, मग काढे झाले, मग डॉक्टर. आत दुर्बीण घालून बघितलं तर स्वरतंतूवर गाठ. ती काढली. गाठ तपासायला पाठवलेली होती. रिपोर्ट यायचा होता. तोवर तोंडातून एक शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी सक्त ताकीद.

"आणि रिपोर्ट उलटा आला तर?" मी विचारलं.

"तर पुढचं ऑपरेशन. मग आवाज राहील असं डॉक्टर सांगत नाहीत. राहणार नाही असंही सांगत नाहीत. मी विचारलं होतं. सरळ उत्तरच देत नाहीत, प्रश्न विचारतात." हे बोलून ते स्वतःच जरा दचकले.

"मग आत्ता काकू काय करतात? बोलायचं झालं तर?"

"पाटी दिली होती. शाळेतली, खडूची. चार दिवस लिहिलं तिने. लिहायचं, मी वाचायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. काल फेकली. माझ्या अंगावर नाही, भिंतीवर. मी विचारलं काय झालं, तर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं." त्यांनी ते वाक्य हळू म्हटलं. "मी बोललेलं मीच पुसायचं का?"

मी म्हणाले, "काका, वही?"

"आहे. पडून लिहिलं की बॉलपेन चालत नाही, अक्षर बारीक येतं, मला दिसत नाही. फोनवर टाइप करायला तिला जमत नाही. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेली बाई. तिला मोठं लिहायला लागतं." ते थांबले. "मला कळतंय गं सगळं. दोन आठवड्यांच्या मौनासाठी कुणी लॅपटॉप घ्यायला आला असता तर मी त्याला हाकलला असता. पण हा घेतला म्हणजे ती आता बोलणार नाही असं मी धरून चाललो, असं होतं. आणि नाही घेतला तर ती पुसत बसणार. एवढी वर्षं लोकांना विचारत आलो. माझं मलाच ठरवता येत नाही."

खुर्चीवरून उठून मी त्यांच्यासमोर बसले, जसे ते बसायचे तशी. दुसरं मला काही येतच नव्हतं.

"आधी सांगा, काकू कुठे बसतात?"

"खिडकीजवळ कॉटवर. पाठीला उशी."

"लिहिताना मांडी घालून की पाय लांब करून?"

"पाय लांब. मांडी नाही घालवत, गुडघे दुखतात."

"मग तो त्यांनी धरायचा नाही. स्क्रीन पार मागे वळवून मांडीवरच्या उशीवर आडवा ठेवायचा, पाटीसारखा. वजन उशीला. आणि वाचणार कोण?"

"मी. समोर खुर्ची टाकून."

"नाही काका. याला तोंड एकच आहे. समोर बसलात तर तुम्हाला सगळं उलटं दिसणार. कॉटवर त्यांच्या शेजारी बसावं लागेल."

लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस, पण लाजला. "शेजारी बसून आम्ही कधी बोललोच नाही," म्हणाले. "बरं. बसेन."

मालक मागे कधी येऊन उभे राहिले होते ते मला कळलं नव्हतं. ते पुढे आले, डेमोचा पीस उचलला, चार्जर गुंडाळला आणि पिशवीत घातला. काका "बिल" म्हणाले तर मालक म्हणाले, "वापरून बघू दे त्यांना. आवडला तर बिल. तुम्हीच सांगता ना लोकांना, घाई करू नका म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी काकांबरोबर माझगावला गेले, लॅपटॉप सुरू करून द्यायला. गोदीच्या बाजूची जुनी चाळ, समोर चर्चची भिंत, खोल्यांसमोर लांब गॅलरी. काकू खिडकीजवळ बसल्या होत्या. मी मनात जिची कल्पना केली होती ती बाई दांडगी, करड्या आवाजाची होती. ही लहानखुरी, गोरी, केस पांढरे आणि डोळे भलतेच तीक्ष्ण. बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि आठवण झाल्यासारखं मिटलं. ते मला बघवेना.

मी उशीवर स्क्रीन ठेवला, पेन हातात दिलं. त्यांनी ते खडूसारखं धरलं आणि फळ्यावर लिहावं तशी ठसठशीत, शिरोरेषेची अक्षरं काढली.

"हे आपोआप पुसत नाही ना?"

"नाही काकू. तुम्ही पुसलंत तरच."

"बंद केलं तर?"

"राहतं. उद्या उघडलंत तरी असेल."

त्यांनी स्क्रीनकडे, मग माझ्याकडे, मग शेजारी अवघडून बसलेल्या काकांकडे पाहिलं. खाली लिहिलं, "पेन घसरतं. काचेवर तेल सांडल्यासारखं." मी सांगितलं, वर एक खरखरीत फिल्म लावता येते, कागदासारखी. त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "हे दुकानात खरंच बोलतात?"

"खूप बोलतात, काकू. गिऱ्हाइकांना बोलूच देत नाहीत."

काकू हसल्या. हसण्याचाही आवाज करायचा नव्हता, त्यामुळे खांदे तेवढे हलले. लिहिलं, "आणि घरी मुके. आता दोघं सारखे." काका वाचायला जवळ सरकले, वाचलं, आणि त्यांनी डोळे पुसले. काकूंनी पेनाच्या मागच्या टोकाने त्यांच्या गुडघ्यावर टकटक केली, शाळेत पोराला करतात तशी.

त्यानंतर दुकानात वरच्या कोर्टाचे निकाल पुन्हा यायला लागले. काका स्क्रीन पुसता पुसता सांगायचे, "काल मला पानंच्या पानं ऐकवली. आणि आता तिच्याकडे पुरावा असतो! मी म्हटलं, मी असं बोललोच नव्हतो, तर मागचं पान काढून दाखवते. वर लिहिते, हे बघा, परवा तुमच्या या वाक्याला मी काय उत्तर दिलं होतं." तक्रार करत असल्यासारखं सांगायचे, पण दुपारी घड्याळ बघायला लागायचे. पूर्वी दुकान बंद झाल्यावरसुद्धा रेंगाळणारा माणूस आता वेळेवर निघायचा. शेजारी बसायला.

रिपोर्टचा दिवस उजाडला. काका सकाळी आले नाहीत. फोन लागत नव्हता. मालक कधी नव्हे ते गल्ल्यावर न बसता जिन्याच्या तोंडाशी येरझाऱ्या घालत होते. मी पोळपाट उगाचच काढून पुसला आणि परत ठेवला.

दुपारी गर्दी झाली. लग्नसराईचे दिवस, खाली साड्यांना रीघ, वर कंटाळलेले नवरे. एक जोडपं पिशव्या सांभाळत फिरणारा लॅपटॉप बघत होतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि काका आले. केस विस्कटलेले, शर्टाची एक बाजू पँटमधून बाहेर. चेहऱ्यावरून काही कळेना. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो, पण गिऱ्हाइकांसमोर विचारायचं कसं?

त्या जोडप्यातल्या माणसाने त्यांनाच विचारलं, "काका, मुलीसाठी आहे. हा घेऊ का?"

"घ्या," काका म्हणाले.

मी आणि मालक जागच्या जागी थांबलो.

"मागे वळतो तो तुटणार नाही ना?"

"छे! घ्या हो. चांगलाय."

"धरायला जड नाही ना होणार?"

"काही जड नाही! काही जड नाही आता."

पलीकडून एक पोरगा ओरडला, "अंकल, याच्यावर मोठे गेम चालतील?"

"चालतील! सगळं चालेल!"

मला धावत जाऊन त्या पोराला सांगावं लागलं की बाबा, चालणार नाहीत, त्याला वेगळं मशीन लागतं. मालकांनी त्या जोडप्याला हात जोडून स्टुलावर बसवलं आणि छत्रीचा प्रश्न स्वतः विचारला. काका मात्र माझ्या खुर्चीत येऊन बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कुणालाही नाही, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "साधी गाठ होती. साधी. काही नाही त्यात." मग खालच्या मानेने बराच वेळ बसून राहिले. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नाही ते मला कळेना. मालकांनी ठेवला. खालच्या साडीवाल्यांकडून पेढे आले. ते कुणी मागवले होते मला ठाऊक नाही. त्या दिवशी वर आलेल्या प्रत्येक नवऱ्याला पेढा मिळाला.

दुसऱ्या दिवशी काका पहिल्यासारखे झाले. एका बँकवाल्याला त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो माउस घेऊन गेला. आणि डेमोच्या पीसचं बिलही त्यांनी त्याच दिवशी करायला लावलं. "आवडला," एवढंच म्हणाले.

पण गोष्ट तिथे संपली नव्हती. डॉक्टरांनी काकूंना बोलायची परवानगी दिली. आधी थोडं, मग हळूहळू जास्त. काकू बोलल्या नाहीत. लिहीतच राहिल्या. एक आठवडा गेला, दुसरा गेला. काका पुन्हा गप्प गप्प राहायला लागले.

"का नाही बोलत?" मी विचारलं.

"भिते," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले होते, आवाज थोडा बदलेल. तिने लिहिलं, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता माझा. आता जो येईल तो कुणाचा असेल? मी म्हटलं, तुझाच असेल. तर पान उलटलं. मी काही म्हणत नाही. शेजारी बसतो. बोलायला लाग असं आता मी कसं सांगू? आयुष्यभर तीच बोलत आली, मी कधी बोल म्हटलंच नाही."

वकीलसाहेबांकडचे प्रश्न संपलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आणि काय गंमत असते बघा, रिपोर्टच्या दिवशी मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी मला या शांततेची वाटायला लागली. आजार गेला आणि त्या बाईने स्वतःच दार लावून घेतलं असं झालं तर?

आज मी दुसरीकडे नोकरी करते, त्या दुकानातही आता दुसराच माल आहे. पण तिथला एक दिवस माझ्या मनात कायमचा आहे, आणि त्यात काही घडलं असंही म्हणता येणार नाही. काकांची सुट्टी होती. एका गिऱ्हाइकाच्या फिरणाऱ्या लॅपटॉपचं पेन चालेनासं झालं होतं, बॅटरी कुठली घालायची ते विचारायला मी काकांच्या मोबाइलवर फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला गेला.

"हॅलो," पलीकडून कुणीतरी म्हणालं. खोल, खरखरीत, अर्ध्यात थांबणारा आवाज.

"काका?" मी म्हणाले. "आवाज का असा येतोय तुमचा? बरं नाहीये का?"

लांबून कुणाच्या तरी घरातला कुकर ऐकू आला. घसा साफ केल्याचा आवाज झाला.

"ते मासे आणायला गेलेत," तो आवाज म्हणाला. सावकाश, एकेक शब्द पाय टाकून बघावा तसा. "मी बोलतेय."

काउंटरपलीकडे गिऱ्हाईक पेन धरून उभं होतं.

"हॅलो?" काकू म्हणाल्या. या वेळी जरा मोठ्याने, थोड्या रागानेच. "ऐकू येतंय ना?"

"येतंय, काकू," मी म्हणाले. "स्पष्ट येतंय. बोला."